शासनाचे मौन आणि विक्रेत्याचा लाभ

बंदूक विकत घेणाऱ्याची पूर्वतपासणी करावी की नाही, हा अमेरिकेतील वाद नेहमी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भाषेत मांडला जातो. वस्तुतः तो व्यापारस्वातंत्र्याचा वाद आहे, आणि कायद्याची रचना पाहिली की हे उघड होते.

१९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या गोळीबारात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा संमत व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. १९९८ पासून परवानाधारक विक्रेत्याला गिऱ्हाइकाचे नाव संघराज्याच्या नोंदींशी ताडून घ्यावे लागते. परंतु हे बंधन विक्रीवर नाही, विक्रेत्याच्या परवान्यावर आहे. ज्याचा हा धंदा नाही, त्याने आपल्याच राज्यातील दुसऱ्या नागरिकाला बंदूक विकली तर संघराज्याचा कायदा तपासणीची सक्ती करीत नाही. काही राज्यांनी ही पळवाट बुजविली आहे, अनेकांनी नाही.

दुसरी तरतूद याहून बोलकी आहे. कामकाजाच्या तीन दिवसांत शासनाकडून उत्तर आले नाही, तर विक्रेत्याला बंदूक देण्याची मुभा मिळते. २०१५ साली चार्लस्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या करणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते असेच. २०२२ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकांपुरती ही मुदत आवश्यक तेथे दहा दिवसांपर्यंत वाढविली. तत्त्व मात्र तेच राहिले. शासनाचे मौन म्हणजे विक्रेत्याला संमती!

तपासणीचे विरोधक म्हणतात, गुन्हेगार दुकानात येतच नाहीत. पण चोरबाजारातील बंदुकाही बहुतांशी कायदेशीर कारखान्यांतून आणि दुकानांतूनच पुढे सरकलेल्या असतात. खरेदीदारांची राष्ट्रीय नोंदवही तयार होईल, ही भीतीही निराधार आहे. १९८६ च्या कायद्याने तिला मनाईच केली आहे. एक आक्षेप मात्र गंभीर आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियात शस्त्रनियंत्रणाचा कायदा झाला तो ब्लॅक पँथर्सना डोळ्यांसमोर ठेवून. परंतु त्यावरचा उपाय नियम सोडून देणे हा नसून, अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव न ठेवता तो सर्वांना सारखा लावणे हा आहे.

सँडी हुकच्या शाळेत २०१२ साली वीस बालकांचा बळी गेला. त्यानंतर तपासणीची व्याप्ती वाढविणाऱ्या प्रस्तावाला एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ मते मिळाली, विरोधात ४६ पडली. तरीही तो फेटाळला गेला, कारण ६० मतांची अट होती. उलट २००५ साली याच काँग्रेसने शस्त्र-उत्पादकांना आणि विक्रेत्यांना भरपाईच्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले होते. नफा खाजगी आणि हानी सार्वजनिक, हे अर्थकारण यापेक्षा उघडपणे कोठे दिसणार?

म्हणून मागणी दोनच गोष्टींची असली पाहिजे: तपासणी प्रत्येक विक्रीला, आणि उत्तर आल्याखेरीज बंदूक नाही. केवळ कायदा झाला म्हणून समाधान मानणाऱ्या चळवळीने त्यातील मुदती आणि अपवाद कोणाच्या सोयीचे आहेत, हे आधी वाचले पाहिजे.