बैलाच्या खुराइतकी टाचेचीही काळजी घ्या



बैल जरा लंगडू लागला की आपण त्याला औताला जुंपत नाही. पाय उचलून खूर पाहतो, रुतलेला खडा काढतो, पत्री झिजली असेल तर नवी मारून घेतो. घरची बाई मात्र महिनोन्‌महिने टाच न टेकता चालते, तरी खुरपे घेऊन शेतात जातेच. म्हणून आज पिकाऐवजी टाचेविषयी.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावले चालले की ती कमी होते आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. टाचदुखीची ही नेहमीची खूण आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखालून एक चिवट पट्टा गेलेला असतो. तो पायाची कमान धरून ठेवतो. सतत ताण पडला की हा पट्टा टाचेजवळ दुखावतो. रात्रभर तो आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

‘हाड वाढले’ असे ऐकून पुष्कळजण घाबरतात. क्ष-किरण फोटोत टाचेला काट्यासारखे हाड दिसते खरे, पण तसे हाड न दुखणाऱ्या पायांतही आढळते. ते बहुधा कापावे लागत नाही.

हा ताण येतो कशाने? औसा भागात सोयाबीन खुरपताना बाया तासन्‌तास चवड्यांवर बसतात, त्याने पोटऱ्या आखडतात. मग डोक्यावर गवताचा भारा घेऊन घरी येतात आणि शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या राहून स्वयंपाक करतात. वाढलेले वजन आणि झिजून पातळ झालेली चप्पल यांनीही त्रास वाढतो.

घरी पुढील उपाय करावेत :

१) उठण्यापूर्वी अंथरुणात पाय लांब करून पंजाला टॉवेल अडकवावा व बोटे आपल्याकडे ओढावीत. ३० पर्यंत अंक मोजून सोडावे. असे ३ वेळा करावे.

२) भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणावी.

३) गार पाण्याची बाटली तळपायाखाली १० मिनिटे फिरवावी.

४) घरातही मऊ तळाची, टाचेला किंचित उंच चप्पल वापरावी. भारा निम्मा करून दोन खेपा कराव्यात.

टाचेला बिब्याचा चटका देऊ नये. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, जखम चिघळते. मधुमेह असलेल्यांनी चटका, गरम विटेचा शेक व बर्फ हे तिन्ही टाळावेत. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, आणि चिघळलेल्या जखमेपायी पायही गमवावा लागतो. दुकानातून आणलेल्या सुजेच्या गोळ्या रोज खाऊ नयेत, त्या पोटाला व मूत्रपिंडाला बाधतात. टाचेत वारंवार इंजेक्शन घेतल्याने तो पट्टाच कमजोर होऊन तुटू शकतो.

प्रत्येक टाचदुखी अशीच असते असे नाही. तुरीचे धसकट किंवा काटा आत मोडला असेल, तर सुईने कोरत न बसता दवाखान्यात काढून घ्यावा व धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. टाच लाल होऊन सुजली, ताप आला, मुंग्या येऊ लागल्या, बसल्या जागीही कळ राहिली किंवा उंचावरून पडल्यानंतर दुखू लागले, तर औशाचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

एका पाण्यावर पीक येत नाही, तसे चार दिवसांच्या व्यायामाने टाच बरी होत नाही. नेटाने केल्यास बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत, फार तर वर्षभरात ओसरतो. तेव्हा कारभाऱ्यांनो, पुढच्या वेळी खत-बियाण्याची यादी कराल, तेव्हा तीत घरच्या बाईच्या चांगल्या चपलेचा जोडही लिहा.