गाणाऱ्यांचे आवाज आणि चार चॅनेलचे साउंड कार्ड



आपल्या समाजात गाण्यावाचून शुभकार्य पार पडत नाही. मेंदीची रात्र असो वा मलिद्याचे ताट मांडलेले असो, एलियाहू हन्नाबीचे गीत झाले की पेटी पुढे ओढली जाते, कोणी ढोलकी घेतो, बायका टाळ्यांचा ठेका धरतात आणि कोकणातून बरोबर आणलेली मराठी गाणी सुरू होतात. ही गाणी ज्यांना मुखोद्गत आहेत ती मंडळी आता वृद्ध झाली आहेत आणि त्यांच्या नातवंडांची बोली हिब्रू आहे. पुष्कळ गाण्यांचे शब्द कागदावर उतरलेलेच नाहीत. जे उतरले त्यांची चाल कागदात मावत नाही. म्हणून हे आवाज घरच्या घरी टिपून ठेवावे असे अनेक कुटुंबांनी मनावर घेतले आहे. अनेक चॅनेलचे साउंड कार्ड बेताच्या किमतीत कसे निवडावे, या त्यांच्या प्रश्नाचा विचार आम्ही या वेळी करीत आहोत.

प्रथम, हे कार्ड लागतेच कशाला? खिशातला फोन ध्वनिमुद्रण करतो आणि एकट्या आजीबाई गात असतील तर ते काम बरे करतो. अडचण मैफलीत येते. फोन सर्व आवाज एकत्र करून घेतो. पेटी जवळ असेल तर पेटी वरचढ होते, ढोलकीच्या थापेखाली शब्द दबतात, आणि ज्या आजीबाईंसाठी हा खटाटोप केला त्यांचाच आवाज मागे पडतो. मिसळलेले आवाज वेगळे करणारी संगणकीय साधने आता निघाली आहेत खरी, परंतु ती बरेचसे काम अंदाजाने करतात. जो शब्द पेटीखाली पुरता बुडाला, तो खात्रीने परत मिळत नाही. उद्या नातवंडांपैकी कोणी ते गाणे लिहून घ्यावयास बसले तर त्याला हाच शब्द हवा असणार.

अनेक चॅनेलच्या कार्डाचा उपयोग येथे आहे. प्रत्येक मायक्रोफोनचा आवाज ते स्वतंत्र नोंदविते. मागाहून पेटी कमी करावी, आवाज वाढवावा, अथवा केवळ आवाजच ऐकून शब्द उतरवून घ्यावे. पूर्वी अशी कार्डे संगणकाच्या पोटात बसवीत. आता ती बहुधा बाहेर ठेवावयाची छोटी पेटी असते आणि दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. वस्तू एकच.

चॅनेल किती हवेत? याचे उत्तर जाहिरातीत न शोधता आपल्या दिवाणखान्यात शोधावे. मुख्य गाणाऱ्याला एक मायक्रोफोन, पेटीला एक, ढोलकी किंवा तबल्याला एक आणि मागून साथ करणाऱ्या बायकांच्या घोळक्याला मिळून एक, असे चार झाले. डग्गा आणि तबला यांना वेगवेगळा मायक्रोफोन देण्याची घरगुती कामात गरज नाही. दोहोंच्या मध्ये थोडा उंच धरलेला एक पुरतो. आमच्या मते बहुसंख्य घरांना चार चॅनेल पुरेसे आहेत. आठ चॅनेल घेऊन चार रिकामे ठेवण्यापेक्षा तो पैसा मायक्रोफोनवर खर्चावा. एकटा गाणारा आणि एक पेटी एवढेच टिपावयाचे असेल तर दोन चॅनेलचे कार्ड पुष्कळ झाले.

आता खोक्यावरील आकड्यांविषयी. खोक्यावर चार असे छापलेले असले म्हणजे चार मायक्रोफोन लागतीलच असे नाही. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट ४आय४ या कार्डात चार इनपुट आहेत, परंतु मायक्रोफोनसाठी त्यांतली दोनच. उरलेली दोन कीबोर्ड किंवा कॅसेट डेकसारख्या उपकरणांसाठी. याउलट बेरिंगर कंपनीच्या यूएमसी ४०४ एचडी या कार्डात चारही इनपुट मायक्रोफोन घेतात. त्याच कंपनीच्या यूएमसी १८२० ची इनपुटे अठरा मोजली जातात, पण मायक्रोफोन लावता येतात आठच. बाकीची डिजिटल जोडणीची आहेत. यात लबाडी नाही, मोजण्याची पद्धत तशी आहे. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्प्रवाह अत्यंत क्षीण असतो आणि त्याला वाढवणारा प्रीॲम्प नावाचा भाग प्रत्येक मायक्रोफोनला स्वतंत्र लागतो. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारावा : 'यात मायक्रोफोनचे प्रीॲम्प किती?'

दुसरा प्रश्न ४८ व्होल्टचा. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला तारेतूनच वीज पुरवावी लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. ती सोय नसेल तर तसा मायक्रोफोन मुकाच राहतो. सभामंचावर वापरतात त्या डायनॅमिक जातीला तिची गरज नाही. जुना रिबन जातीचा मायक्रोफोन कोणाकडे असेल तर मात्र हे बटण बंद ठेवावे, कारण या विजेने तो बिघडण्याचा संभव असतो.

काटकसरी गृहस्थांना एक युक्ती हमखास सुचते : दोन चॅनेलची दोन स्वस्त कार्डे घेतली की चार चॅनेल झाले! हिशेब सोपा दिसतो, पण फसवा आहे. प्रत्येक कार्डात आवाजाचे नमुने मोजणारे स्वतःचे घड्याळ असते आणि दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत पन्नास एवढाच फरक धरला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. म्हणजे आरंभी जुळलेली ढोलकी तासाअखेर ठेका सोडून वाजू लागते. ही घड्याळे जोडण्याचे मार्ग आहेत, परंतु स्वस्त कार्डांत ती सोय बहुधा नसते. चार चॅनेल हवे असतील तर एकच चार चॅनेलचे कार्ड घ्यावे.

जुन्या बाजारात मोठमोठ्या नावांची कार्डे अल्प किमतीत मिळतात. एम-ऑडिओ कंपनीची डेल्टा मालिका एके काळी घरगुती ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची आवडती होती. डेल्टा ४४ मध्ये चार आणि डेल्टा १०१० मध्ये आठ ॲनालॉग इनपुटे असत. परंतु ही कार्डे पीसीआय नावाच्या खाचेत बसतात आणि ती खाच आजच्या संगणकांत आढळत नाही. फायरवायरच्या तारेने जोडावयाच्या कार्डांचीही तीच कथा. जुना संगणक सुस्थितीत असेल तरच त्यांच्या वाटेस जावे. एरवी यूएसबीचेच कार्ड घ्यावे. यूएसबीची तार इतके आवाज वाहून नेईल काय, ही शंका निराधार आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने चार चॅनेलना सेकंदाला ४६ लाख बिट लागतात, तर यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८ कोटींची आहे.

वापरलेले यूएसबी कार्ड घ्यावयास हरकत नाही. मात्र आपल्या संगणकाच्या प्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीकडून अद्याप मिळतो की नाही हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. विंडोजवर अनेक चॅनेल एकाच वेळी घेण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने काढलेल्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर लागतो असे धरून चालावे. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅमही ती पद्धत जाणणारा हवा. रीपर हा प्रोग्रॅम ती जाणतो आणि ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येतो. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट मिळते व चार चॅनेलना पुरते.

कार्ड १९२ किलोहर्ट्झवर चालते, अशी मोठ्या अक्षरांतील जाहिरात पाहून भुलू नये. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढे टिपावयास ४८ पुरेसे आहे. २४ बिट मात्र अवश्य ठेवावेत. त्यामुळे आवाजाची पातळी थोडी कमी ठेवली तरी बारकावे हरवत नाहीत. सर्वांत मोठ्या आवाजाला मापक शून्याच्या १२ डेसिबेल खाली राहील असे बटण लावावे. गाणे रंगले की मंडळी मोठ्याने गाऊ लागतात, आणि शून्यापलीकडे गेलेला आवाज फाटतो तो कायमचा. या मापाने चार चॅनेलचे एका तासाचे मुद्रण सुमारे २ गिगाबाइट जागा घेते. आजच्या डिस्कला ते काहीच नाही.

विलंब किंवा लेटन्सी या शब्दाचाही मोठा गवगवा होतो. आवाज संगणकात जाऊन पुन्हा कानी येईतो लागणारा हा वेळ. २५६ नमुन्यांचा एक टप्पा ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम १.८ मीटर जातो. सर्व मंडळी एकत्र बसून गाणार असतील तर या आकड्याची चिंता नको. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर मागाहून दुसरा आवाज चढवावयाचा असेल तरच तो महत्त्वाचा. त्यासाठी संगणकाला वळसा घालून आवाज थेट हेडफोनमध्ये देणारे डायरेक्ट मॉनिटरचे बटण कार्डावर असावे.

किमतीचा विचार करताना कार्डालाच सारा पैसा देऊ नये. मायक्रोफोन, त्यांच्या तारा आणि स्टँड यांचा खर्च कार्डाहून अधिक होऊ शकतो. परदेशाहून मागविताना मआमही हिशेबात धरावा. १ जानेवारी २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे.

यानंतर प्रश्न खोलीचा, आणि तेथे पैसा लागत नाही. येथील घरांत खाली फरशी आणि भोवती सिमेंटच्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. ममाद ही खोली बाहेरच्या गोंगाटापासून दूर असली तरी रिकामी असता ती सर्वांत अधिक घुमते. जाड सतरंजी अंथरावी, भिंतीशी गाद्या उभ्या कराव्या आणि आजीच्या गोधड्या दोरीवर टांगाव्या. गोधडीसारखे आवाज शोषणारे साधन विकत आणावयास गेल्यास महाग पडते. मझगान व फ्रिज तेवढ्यापुरते बंद ठेवावेत. मायक्रोफोन तोंडापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनमध्ये असावे, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात फारसा शिरत नाही. मुद्रणात सतत गुणगुण ऐकू आली तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची असते. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा. अनेकदा तेवढ्याने ती थांबते.

कित्येकांच्या कपाटांत भारतातून आणलेल्या कॅसेटी आहेत. त्यांना चार चॅनेल नकोत, दोन पुरतात. मात्र कॅसेट डेकची तार मायक्रोफोनच्या इनपुटात न लावता लाइन इनपुटात लावावी, आणि कॅसेट लावण्याआधी डेकचे हेड कापसाने स्वच्छ पुसावे. नवे कार्ड आले की प्रथम हे काम उरकावे असे आम्ही सुचवू. फीत वर्षागणिक जीर्ण होते, आणि तीवरील गाणाऱ्यांपैकी कित्येकांना पुन्हा गावयास सांगणे आता शक्य नाही.

शेवटी मुद्रणानंतरचे काम. प्रत्येक गाण्यापूर्वी गाणाऱ्याने आपले नाव, मूळ गाव, गाणे कोणाकडून शिकले आणि आजची तारीख माइकवर सांगावी. पेणचे गाणे आणि रेवदंड्याचे गाणे यांतील फरक पुढे कोणाला कळावयाचा तर याच चार वाक्यांवरून. चारही चॅनेलच्या मूळ फाइली जशाच्या तशा जपाव्या आणि मिसळलेली प्रत वेगळी करावी. एक प्रत घरी, दुसरी निराळ्या घरी आणि शक्य तर तिसरी संस्थेत असावी. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ध्वनिसंग्रहाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे विचारणा करण्यास संकोच नसावा. मात्र गाणाऱ्याची संमती घेतल्यावाचून कोणाचाही आवाज बाहेर देऊ नये.

सारांश इतकाच : मायक्रोफोनचे चार प्रीॲम्प, ४८ व्होल्टची सोय, यूएसबीची जोडणी आणि चालू स्थितीतील ड्रायव्हर, एवढे ज्यात आहे ते कार्ड घ्यावे, मग नाव कोणतेही असो. उरलेले आकडे शोभेचे समजावे. आणि खरेदीच्या चर्चेत महिने घालवू नयेत. कार्ड पुढच्या वर्षी याहून स्वस्त मिळेल. गाणाऱ्या आजीबाई पुढच्या वर्षी एका वर्षाने अधिक थकलेल्या असतील. तोवर निदान फोन तरी त्यांच्यापुढे ठेवावा.