माता दगावली नाही, एवढ्यावर समाधान?

मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. ते १८६६ साली जन्मले असे मानतात. परंतु तारखेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आता तशी अडचण राहिलेली नाही. बाळाची तारीख, वेळ, वजन सारे कागदावर येते. येत नाही ते एकच: त्या बाळाच्या आईला कशी सेवा मिळाली?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. नमुना नोंदणीनुसार २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. ही प्रगती खरी आहे. ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ‘आमच्या केंद्रात यंदा एकही मातामृत्यू नाही, म्हणजे सेवा उत्तम’ असे कोणी म्हणू लागले, तर त्या युक्तिवादाला ठाम विरोध केला पाहिजे.

साधे गणित करून पाहा. सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा शासकीय निकष. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ४५० बाळंतपणे झाली. वरील प्रमाणाने अशा परिसरात मातामृत्यू घडेल तो सरासरी साडेसहा-सात वर्षांतून एकदा. मृत्यूचे प्रमाण तिप्पट झाले, तरी दोन वर्षांतून जेमतेम एक. म्हणजे सेवा ढासळत असतानाही फलकावर शून्यच झळकत राहील. मग त्या शून्याने सिद्ध काय केले?

शिवाय कोकणातील गरोदर स्त्री एका जागी नसते. नाव मुंबईत नोंदवायचे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचे, अडले की रत्नागिरी गाठायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मुंबई. प्रत्येक ठिकाणी तिचा एकेक तुकडा नोंदला जातो. अखंड बाई कोणाच्याच वहीत नसते. मालगुंडाहून रत्नागिरी पंचवीस-तीस किलोमीटर. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. अशा वेळी वाहन किती मिनिटांत आले, रक्त तयार होते काय, पुढे तिचे काय झाले, याचे उत्तर पाठवणाऱ्या केंद्राकडे परत यायला नको काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसूतिसेवेची आठ मानके सांगितली. त्यांत औषधे व कुशल कर्मचारी यांच्या जोडीला सन्मानाची वागणूक, नीट समजावून सांगणे आणि मानसिक आधार यांनाही स्थान आहे. म्हणजे बाईला विचारल्यावाचून मोजमाप पुरे होतच नाही. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते; पूर्वी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. कोणत्याही दवाखान्याच्या वहीतून हे दिसले नसते.

परिचारिकांवर नोंदवह्यांचा भार आधीच असह्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वह्या वाढवू नका, प्रश्न बदला. दर भेटीत रक्तदाब घेतला काय? ऑक्सिटोसिन शीतपेटीत ठेवले होते काय? कळा येताना जवळ आपले माणूस राहू दिले काय? कोणी अपशब्द बोलले काय? घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात कोणी पाहायला आले काय? एवढे पाच पुरेत.

आपणही फुशारकी मारू नये. १९३६ पर्यंत धर्मभगिनींना प्रसूतिसेवा करण्यास चर्चची मुभा नव्हती. रावळपिंडीत पडदानशीन स्त्रियांचे हाल पाहिलेल्या डॉ. अ‍ॅना डेंगेल यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ती मिळाली. कोणीतरी त्या स्त्रियांपर्यंत गेले, म्हणून नियम हलला.

तेव्हा वाचकहो, बाळाला पाहायला जाल तेव्हा बाळ कोणावर गेले आहे हे जरूर सांगा. पण त्याआधी त्याच्या आईजवळ बसून हे पाच प्रश्न विचारा. तिची उत्तरे गावाच्या ग्रामसभेत मांडा. जी सेवा या प्रश्नांना सामोरी जाईल, तिलाच चांगली म्हणावे.