गुटीचा एक चमचा

परवा दुपारी ओळखीतली एक सून घरी आली. पहिलटकरीण, आठवा महिना. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "काकू, मला एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, अंगावरचं पाजा. पण माझं दूध म्हणजे बाळाला विषच ना?"

मला गलबलून आलं. कारण वीसेक वर्षांपूर्वी अशाच एकीला मीच ठामपणे सांगितलं होतं, "वरचं दूध घाल." तेव्हा तेच शहाणपण वाटायचं.

मैत्रिणींनो, आईच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, हे खरंच. काहीच उपचार घेतले नाहीत तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. पण आईनं औषधं वेळेवर आणि नियमित घेतली, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. आपल्या देशात 2014 पासून अशा प्रत्येक गर्भवतीला सरकारी केंद्रातून आयुष्यभराची औषधं मोफत मिळतात.

आणि वरचं दूध? बोट्सवानात सरकार अशा मातांना डब्याचं दूध फुकट देत असे. 2006 च्या सुरुवातीला तिथे अतोनात पाऊस झाला, पाणी बिघडलं, जुलाबाची साथ आली. दवाखान्यात आलेली आणि दगावलेली बाळं बहुतेक वरच्या दुधावरचीच होती. आपल्या पुण्यातही 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं. वरच्या दुधावरच्या बाळांना दवाखान्यात ठेवण्याची वेळ जास्त आली.

म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. पुढे वरणभात, पेज सुरू करून अंगावरचंही चालू ठेवायचं. एखादीला पाजणं शक्यच नसेल, तर डॉक्टरांना विचारून पूर्णपणे वरचं द्यावं. पाणी उकळलेलं, वाटी-चमचा स्वच्छ, बाटली नको. पण थोडं हे, थोडं ते, असं नको. बाहेरच्या पदार्थानं तान्ह्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते.

खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे बाळ जन्मलं की मधाचं बोट, गुळाचं पाणी, मग रोजची गुटी. ती मुलगी म्हणाली, "सासूबाईंना काही माहीत नाही. गुटीला नको म्हटलं तर कारण काय सांगू?"

मी म्हटलं, "कारण सांगूच नकोस. डॉक्टरांनी सहा महिने बंदी केलीय म्हण. ते सगळ्याच बाळांना लागू आहे, खोटं नाही. आणि चुकून एखादा चमचा गेलाच, तर घाबरून दूध तोडू नकोस. मात्र तुझी गोळी चुकवू नकोस. बाळाचं औषधही डॉक्टर सांगतील तितके दिवस दे. सहा आठवड्यांनी त्याची पहिली तपासणी आणि अठरा महिन्यांनी शेवटची. मध्ये कंटाळू नकोस."

जाताना तिचा चेहरा जरा मोकळा वाटला.

आता थोडं आपल्याशी, म्हणजे सासवांशी, आज्यांशी, शेजारणींशी. गुटी नको म्हणणाऱ्या सुनेला "का?" असं खोदून विचारू नका. तिचं कारण तिच्यापाशी राहू द्या. चमचा तेवढा खाली ठेवा.