प्रकल्प अहवाल आपणच लिहावा

नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत हुनराची वानवा नाही. वानवा आहे ती आपला इरादा कागदावर मांडण्याची. बँकेने प्रकल्प अहवाल मागितला की कारागीर दलालाकडे धाव घेतो. दलाल जुन्याच अहवालावर नाव बदलून देतो. मग साहेबांनी ‘महिन्याला कच्चा माल किती लागेल?’ असे विचारताच कारागीर गप्प!

2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांना विशेष प्रवर्गात धरले गेले. स्वतःचा वाटा अवघा 5 टक्के, अनुदान शहरात 25 तर खेड्यात 35 टक्के. पण हे अनुदान रोख हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव राहते, मग कर्जात वळते होते. तोवर हप्ता धंद्यातूनच फेडायचा असतो. तो हिशेब दलाल कसा मांडणार?

तेव्हा बांधवांनो, आधी वहीत मराठीत किंवा उर्दूत लिहा. काय बनवणार, कोणाला विकणार, यंत्र कितीचे, मजुरी व वीज किती, उधारीत किती अडकेल, हप्त्याला काय उरेल. टाइप मग कोणीही करो, आकडे मात्र आपलेच हवेत.