पालथी पाने

आपल्या जिमखान्यात कॅरम आहे, बुद्धिबळ आहे, टेबल टेनिसही आहे (जाळीबद्दल न बोललेले बरे). त्यांच्या शेजारी आणखी एका खेळाला जागा मिळावी, असे माझे म्हणणे आहे.

मागच्या वर्षी मुंबईत बैठ्या खेळांचा एक मेळावा भरला होता. मैत्रिणीबरोबर भाईंदरहून लोकलने गेले. एका टेबलावर कापड अंथरून त्यावर बोटभर लांबीची दुपंखी विमाने काड्यांवर उभी केली होती. पहिल्या महायुद्धातली. खेळाचे नाव 'विंग्ज ऑफ ग्लोरी'. मुळात २००४ साली इटलीत 'विंग्ज ऑफ वॉर' म्हणून निघालेला. यात फासे नाहीत. प्रत्येक विमानाची स्वतःची पाने असतात. त्यांतली तीन निवडून पालथी ठेवायची, समोरच्यानेही ठेवायची. मग एकेक पान दोघांनी एकदम उघडायचे आणि पानावरच्या बाणाप्रमाणे विमान सरकवायचे. एकदा ठेवलेले पान बदलता येत नाही. माझे विमान सोपविथ कॅमल. ते उजवीकडे झटकन वळते, कारण त्याचे इंजिनच गरगर फिरे. विज्ञानाच्या पुस्तकात जे डोक्यात शिरले नाही ते तिथे पाच मिनिटांत शिरले.

पानांवर वैमानिकांची नावे होती. "आपले कोणी होते का हो?" मी विचारले. टेबलावर कोणालाच सांगता येईना.

होते. हरदित सिंग मलिक कॅमलच उडवत, पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण घालून. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉयने ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या चौदा दिवसांत दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला तो पडला. वय एकोणीस. माझ्याएवढाच! आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर: जून १९१८ मध्ये त्यांचे विमान परतले नाही, शत्रूच्या कैदेत जखमांनी गेले, फ्रान्समध्ये पुरले आहेत. या ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट दिलेले नसे.

आम्ही चौघींनी पुठ्ठ्याची विमाने केली. "पुठ्ठे कापायला कॉलेजात घातलं का?" असे वडील म्हणाले, त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. एका सरांचा आक्षेप जड होता. माणसे मेली, त्याचा खेळ कसला करता? बुद्धिबळातही सैन्यच मरते, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण ते पुरेसे नाही. बुद्धिबळातल्या प्याद्याला आई नसते. म्हणून आम्ही एक नियम घातला. प्रत्येक विमानावर खऱ्या माणसाचे नाव लिहायचे, आणि ज्याचे विमान पडेल त्याने उठून चहाला जाण्याआधी तो माणूस कोण, कुठला, त्याचे पुढे काय झाले, हे मोठ्याने सांगायचे. पहिल्यांदा हसू येते. रॉयच्या वेळी कोणी हसले नाही.

इतिहासाच्या तासाला महायुद्ध म्हणजे कारणे आणि परिणाम, आठ-आठ गुणांचे. मधली माणसे कुठे वाचायची?

जिमखाना समितीकडे पैसे मागत नाही. कपाटातला एक कप्पा द्यावा, एवढेच. वेलिणकरांचे डॉल्फिन अजून अर्धवट आहे. त्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे असतो आणि वैमानिकाचे डोके पंखातल्या भोकातून वर निघते. पुठ्ठ्यात ते भोक नीट पडत नाही. कोणाला जमत असेल तर मधल्या सुट्टीत भेटावे.