हुंकार देणारा हवा

जॅझ क्लबमधली रात्र म्हटली की मंद दिवे, छोटासा मंच आणि टिपेला पोहोचलेला ट्रम्पेटचा सूर डोळ्यांपुढे येतो. हे संगीत आपल्याला वाटते तितके परके नाही. अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्याच्या वादकांनी ही कला आपलीशी केली. त्यांच्यातल्याच चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटने सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) रंग भरला.

जॅझची खरी गंमत मात्र समोर बसून ऐकण्यातच आहे. एखादी ओळखीची चाल सारे मिळून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि ती चाल आपल्या मनाप्रमाणे फुलवतो. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जवाब द्यावा आणि श्रोत्यांनी तिथल्या तिथे दाद द्यावी. काल वाजले तेच आज तसेच्या तसे वाजत नाही.

अशी रात्र भिलाईत कुठे मिळणार? सोव्हिएत मदतीने उभे राहिलेले हे पोलादाचे शहर. इथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. नागपूर-रायपूर लोहमार्गावरच्या या गावात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांना सॅक्सोफोन शोधायची गरज नाही. तीच गंमत छत्तीसगडच्या मातीत आहे. तिचे नाव पंडवानी!

महाभारताची कथा, नायक बहुधा भीम. गाणाऱ्याच्या हातात तंबुरा आणि करताल, मागे हार्मोनियम, तबला, ढोलक. शेजारी ‘रागी’ नावाचा साथीदार. तो कथेत हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, कथा पुढे ढकलतो. आपल्या शाहिराला जशी झीलकऱ्यांची साथ, तसाच हा प्रकार. वेदमती शैलीत कथा बसून सांगतात. कापालिक शैलीत कलावंत उभा राहून अभिनय करतो, श्रोत्यांचा रंग पाहून कथा खुलवतो. तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य!

बायकांनी गायचे ते बसून, असा रिवाज होता. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी तो मोडला. आजोबांच्या तोंडून ऐकलेली कथा त्यांच्या मनात ठसली होती. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी मिळाली दहा रुपये. पण पंडवानी गाते म्हणून पारधी समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी स्वतः झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणली, पण गाणे सोडले नाही. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांच्यातले तेज ओळखले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, कथा परदेशी मंचांवर पोहोचली आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळाले.

ज्या समाजाने हुंकार नाकारला, त्याच्या बाहेर हजारो अनोळखी श्रोत्यांनी तो दिला. अशा रात्रीचे मोल इथेच कळते. ध्वनिफितीला श्रोता असला काय नि नसला काय, सारखेच. मंचावरच्या कलावंताचे तसे नसते. समोरचा चेहरा खुलला की त्याची तान लांबते. समोरचा जांभई देऊ लागला की कथा आटोपते.

म्हणून जॅझ असो वा पंडवानी, एखाद्या रात्री मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह जरूर जावे. मोबाइल खिशात ठेवावा आणि टाळी मोकळेपणाने द्यावी. घरातली एखादी मुलगी गुणगुणू लागली, तर तिलाही ‘पुढे काय झालं?’ असे विचारावे. कुणास ठाऊक, तिची कथा तेवढ्या एका हुंकारासाठीच अडली असेल!